आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी घ्यावी का? गोव्यातल्या साखळी गावच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आहे: 'मी साखळीची, बारावी आर्ट्सला आहे. बाबा क्रूझ बोटीवर असतात. मला आंतरराष्ट्रीय अभ्यास घेऊन पदवी करायची आहे. घरचे म्हणतात, त्यात इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, भाषा असं सगळ्याचं थोडं थोडं शिकवतात आणि शेवटी हाती काही लागत नाही. हे खरं आहे का? गोव्यात राहून हे जमेल का? पोर्तुगीज शिकू का? आणि पुढे नोकरीचं काय?'

गोव्याच्या कॉलेजांत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकवण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं, त्यामुळे तुला 'तू'च म्हणते.

घरच्यांची भीती मी गंभीरपणे घेते. या विषयात पदवी घेतलेली अशी मुलं मी पाहिली आहेत, जी युक्रेनवर दहा मिनिटं बोलतील, तैवानवर दहा मिनिटं बोलतील. पण रुपया घसरला की आयात करणाऱ्याच्या हिशेबात नेमकं काय बदलतं, ते कागदावर मांडून दाखव म्हटलं की गप्प होतात. टीव्हीवरच्या चर्चा ऐकूनही जेवढं येतं, तेवढ्यासाठी तीन-चार वर्षं आणि आईवडिलांचे पैसे घालवू नयेत. म्हणून माझं मत आधीच सांगते. विषय जरूर घे, पण त्याच्या आत एक शास्त्र पक्कं धर आणि एक परकी भाषा त्या भाषेत काम करता येईल इतकी शीक. ही दोन असतील तर बाकीचं 'थोडं थोडं' उपयोगी पडतं. ती नसतील तर घरचे म्हणतात तेच होतं.

हा विषय जन्मापासूनच अनेक शास्त्रांच्या सीमेवरचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन सुरू झालं. एवढा संहार कसा झाला, हे एकट्या इतिहासाला किंवा एकट्या कायद्याला सांगता येत नव्हतं. एकच प्रश्न अनेक शास्त्रांतून कसा न्यायचा, हे शिकणं म्हणजे हा अभ्यास. नुसती व्याख्या सांगून ते कळणार नाही, म्हणून आपल्याच इतिहासातला एक खटला घेते. शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाले. नगर हवेलीच्या लढ्यात गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाची माणसं होती, संगीतकार सुधीर फडके होते. हे दोन्ही प्रदेश दमणच्या आतल्या अंगाला, चहूबाजूंनी भारताच्या भूमीने वेढलेले. पोर्तुगालला तिथे फौज पाठवायची होती, भारताने वाट दिली नाही. पुढच्या तारखा लक्ष देऊन वाच. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. १९ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला. २२ डिसेंबरला भारतावर दावा दाखल केला. ही घाई योगायोगाने झालेली नाही, आणि तारखा मांडल्याशिवाय ती दिसतही नाही. निकाल लागला १२ एप्रिल १९६० ला. भारताची बाजू मांडायला अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते.

पोर्तुगालचा दावा उभा होता पेशवाईच्या काळातल्या, १७७९ च्या तहावर. त्या तहाने दमणजवळची बारा हजार रुपये महसुलाची गावं पोर्तुगिजांना द्यायचं ठरलं, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती दिली गेली. हेगच्या न्यायाधीशांना ठरवायचं होतं, की मराठ्यांनी त्या गावांवरचं राज्य दिलं की फक्त वसुली दिली. त्यासाठी तहाचे मराठी आणि पोर्तुगीज पाठ न्यायालयासमोर आले. न्यायालय म्हणालं, दिला तो महसूल, जहागिरीसारखा किंवा सरंजामासारखा. सार्वभौमत्व दिलं नाही. म्हणजे विसाव्या शतकातला खटला समजून घ्यायला मराठेशाहीत जमीन कशी दिली-घेतली जायची, हे माहीत हवं. कायद्याच्या पुस्तकात ते सापडत नाही.

पण न्यायालय तिथे थांबलं नाही. मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगिजांना त्या गावांचे धनी मानूनच व्यवहार केला, त्यामुळे सार्वभौमत्व त्यांच्याकडे गेलं, असं न्यायालयाने धरलं. मग पुढचा प्रश्न आला: दोनच देशांत वर्षानुवर्षं चालत आलेल्या वहिवाटीतून कायदा तयार होतो का? न्यायालयाने उत्तर दिलं, होतो. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता (११ विरुद्ध ४). सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांना नव्हता (८ विरुद्ध ७, एका न्यायाधीशाचं मत इकडचं तिकडे गेलं असतं तर?). आणि १९५४ मधला तणाव पाहता वाट अडवून भारताने कर्तव्य मोडलं नाही, असं ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं.

आता याच गोष्टीला अर्थशास्त्राकडून हात घाल. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तरी त्याच वर्षांत इथल्या लोहखनिजाची निर्यात वाढत गेली. जपान आणि पश्चिम जर्मनी गिऱ्हाईक असताना शेजाऱ्याने दार बंद केलं म्हणून अर्थव्यवस्था बसत नाही. कोंडी कधी लागू पडते आणि कधी पडत नाही, हा प्रश्न रशियावरच्या आजच्या निर्बंधांपर्यंत तसाच येतो. राजकारणाकडून पाहिलंस तर १८ डिसेंबर १९६१ ची, म्हणजे भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यानंतरची, सुरक्षा परिषद दिसेल. भारताने माघार घ्यावी, या ठरावाला सात मतं मिळाली, विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (तेव्हाचा इजिप्त). सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, पण नाटोचा करार गोव्याला लागू होत नव्हता. आणि वर्षभरापूर्वीच, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा ठराव संमत केला होता. दुसऱ्या एका ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातल्या परतंत्र प्रदेशांची यादी दिली होती, आणि त्या यादीत गोवा होता.

एवढं वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली असेल. त्या खटल्याला इतिहास, कायदा, भूगोल, भाषा, अर्थकारण सगळं लागलं. पण एकेक माणूस बघितलास तर तो एका गोष्टीत तरबेज होता. सेटलवाड वकील होते. इथल्या पुराभिलेखागारात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवलं, पोर्तुगीज आणि मराठी या दोन्ही भाषांतल्या कागदांवर त्यांचा हात बसलेला होता. चार शास्त्रं वरवर माहीत असलेला माणूस अशा ठिकाणी कोणाला लागत नाही. एका शास्त्रात मुरलेला आणि बाकी तिघांचं बोलणं समजणारा लागतो.

मग तुझं शास्त्र कोणतं? गणिताची धास्ती नसेल तर अर्थशास्त्र घे, असं मी स्पष्टच सांगते. आंतरराष्ट्रीय अभ्यासातली मुलं सर्वांत जास्त अडतात ती इथेच. व्यवहारतोल (देशाचा परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्याचा हिशेब), विनिमय दर, आयात-निर्यात शुल्क यांवर ती ठाम बोलतात, पण तक्ता वाचता येत नाही. जुन्या कागदांत रमत असशील तर इतिहास घे. राज्यशास्त्र घेतलंस तरी हरकत नाही, फक्त सोबत संख्याशास्त्राचा आणि संशोधनपद्धतीचा एकेक पेपर हट्टाने घे, मग वर्गातल्या मैत्रिणी काही म्हणोत. कायदा पदवीनंतरही करता येतो.

बाबा बोटीवर असतात असं तू लिहिलंस, त्यावरून तुला एक काम देते. ते घरी आले की त्यांचं काँट्रॅक्ट मागून घे आणि शेजारी वही घेऊन बस. बोटीवर झेंडा कोणत्या देशाचा? बहुधा बहामाज किंवा पनामाचा असेल. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठे? बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांचं मायामीत किंवा त्याच्या आसपास असतं. भरती करणारा एजंट मुंबईचा किंवा गोव्याचा. त्याला आपल्या डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगचा परवाना लागतो. पगार डॉलरमध्ये. भांडण झालं तर कोणत्या देशाचा कायदा आणि कुठलं कोर्ट? समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार आहे, २०१३ पासून तो अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये तो स्वीकारला. दिवसाला किमान दहा तास विश्रांती, आजारपणात उपचार, घरी परत पाठवण्याची जबाबदारी हे त्यात लिहिलेलं आहे. ते काँट्रॅक्टमध्ये कुठे दिसतं ते शोध. मग २०२० चा उन्हाळा आठव. बंदरं बंद झाली आणि गोव्याचे कितीतरी तारवटी (बोटींवर काम करणारे) बोटींवर अडकून पडले. झेंड्याचा देश, मालकाचा देश, बंदराचा देश आणि त्यांचा स्वतःचा देश, यांतलं कोण कशाला बांधील होतं? हे चार-पाच पानांत नीट लिहून काढलंस, तर पहिल्या वर्षाच्या कितीतरी निबंधांपेक्षा ते सरस होईल. आणि बाबांनाही त्याचा उपयोग होईल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गोव्यात राहून जमेल का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलंच. इथे परिषदा पुष्कळ होतात: १९८३ ला राष्ट्रकुलाच्या नेत्यांची बैठक, २०१६ ला ब्रिक्स, २०२३ ला शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री. त्यांतून विद्यार्थ्याच्या हाती फारसं लागत नाही. जास्त शिकायला मिळतं ते इथल्या संस्थांकडून. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. त्याआधी तिथे आपला शब्द कोणी विचारत नव्हतं. १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिका करारात गेला आणि निर्णय घेणाऱ्यांत बसला, कारण त्या करारात मत मिळतं ते प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्या देशाला. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची गोष्टही तशीच. तिच्या 'गवेषणी' जहाजाने १९८१ मध्ये हिंदी महासागराच्या तळातून धातूंचे गोळे वर काढले, १९८७ मध्ये भारताला त्या क्षेत्रात पहिल्या फळीतला गुंतवणूकदार म्हणून नोंद मिळाली, आणि आज ७५,००० चौरस किलोमीटर समुद्रतळावर शोध घेण्याचा आपला हक्क जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी केलेल्या करारावर टिकून आहे. परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं हे खरं, पण त्यातला काही भाग दोना पावलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला आहे. सायन्सची एखादी मैत्रीण असेल तर तिला हे सांग. समुद्राचा कायदा समजणारे शास्त्रज्ञ आणि समुद्र समजणारे कायद्याचे जाणकार, दोन्ही फार थोडे आहेत.

खाणींबद्दल, खाणपट्ट्यातल्या साखळीच्या मुलीला मी काय सांगू? एकच सुचवते. गोव्याचं लोहखनिज कमी प्रतीचं, आपल्या पोलाद कारखान्यांना त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून ते बाहेर जायचं. आधी जपानला, पुढे मुख्यतः चीनला. चांगल्या प्रतीच्या खनिजाचा जागतिक भाव २०११ मध्ये टनाला १९० डॉलरच्या आसपास होता, २०१५ च्या अखेरीस ४० च्या खाली आला. डिसेंबर २०११ मध्ये निर्यात शुल्क ३० टक्के झालं, २०१६ च्या अर्थसंकल्पात कमी प्रतीच्या खनिजावरचं काढून टाकलं. २०१२ ची खाणबंदी आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली ८८ लीज गावात सगळ्यांना माहीत आहेत. ट्रक थांबले ते कोर्टामुळे किती आणि चीनमधल्या मागणीमुळे किती, हे वेगळं काढून दाखवणं हा तुझ्या चौथ्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

आता भाषा. पोर्तुगीज शिक. गोव्यात ती आजोबांच्या पिढीची भाषा म्हणून पाहिली जाते, किंवा लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगालचा पासपोर्ट काढण्यापुरती. तू तिच्याकडे ब्राझील, अंगोला आणि मोझांबिकची भाषा म्हणून बघ. आपल्या घरातली तूरडाळ काही प्रमाणात मोझांबिकहून येते; त्यासाठी दोन्ही सरकारांत २०१६ मध्ये करार झाला. तिथल्या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा पैसा आहे. या देशांतली कागदपत्रं मुळातून वाचणारे भारतीय विश्लेषक बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि गोव्याच्या मुलीला ही भाषा शिकण्याची जितकी सोय आहे तितकी देशात दुसरीकडे क्वचितच मिळेल. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे, पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचं भाषा केंद्र आहे. पण सर्टिफिकेट घेऊन थांबू नकोस. भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपियन मोजपट्टीवर (ए-१ ते सी-२) बी-२ पर्यंत पोहोचलीस तरच वर्तमानपत्र वाचणं आणि बैठकीत बोलणं जमतं; ए-२ वर सोडलेली भाषा वर्षभरात विसरते. पदवीची सगळी वर्षं त्यासाठी लागतील. फ्रेंच, अरबी किंवा चिनी आवडत असेल तर तीही चालेल, मात्र एकच घे.

मराठी सोडू नकोस, हेही सांगते. इंग्रजीत लिहिलेलं प्रत्येक टिपण मराठीत पुन्हा लिहून बघ. जे नीट समजलेलं नसतं ते मराठीत लिहिताना लगेच उघडं पडतं. इथल्या मराठी दैनिकांत आंतरराष्ट्रीय घडामोडींवर जाणकारीने लिहिणाऱ्या तरुण मुली फार कमी आहेत, आणि वाचक आहेत.

कॉलेजचं व्यवहारी बोलू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून गोव्याच्या कॉलेजांत मेजर-मायनर (एक मुख्य, एक दुय्यम विषय) पद्धत आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक (क्रेडिट), चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. तुझ्या जागी मी असते तर साखळी, खांडोळा, मिरामार किंवा मडगाव, जिथे चांगला विभाग असेल तिथे अर्थशास्त्र मेजर घेतला असता, राज्यशास्त्र मायनर, भाषा बाहेरून, आणि चौथं वर्ष संशोधनासाठी राखून ठेवलं असतं. पदवीवर 'आंतरराष्ट्रीय' असं छापलेलं नसलं तरी एमएला काही अडत नाही. ताळगावच्या पठारावर विद्यापीठातच आंतरराष्ट्रीय आणि क्षेत्रीय अभ्यासाचं स्कूल आहे, दिल्लीला जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून ते सुरू झालं आणि १९७० मध्ये जेएनयूत आलं.

पदवीलाच हा विषय हवा असेल तर कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ आहे, पुण्यात फ्लेम आणि सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्स आहे. जादवपूरची फी अगदी कमी, पुण्याच्या खासगी संस्थांची लाखांत. नुसत्या नावासाठी घरावर कर्ज काढू नका. कुठेही अर्ज करण्याआधी अभ्यासक्रम छापून घे आणि बघ: अर्थशास्त्र सक्तीचं आहे का, संशोधनपद्धती शिकवतात का, भाषा निदान चार सत्रं चालते का, शेवटी प्रबंध लिहावा लागतो का. यांतली दोन जरी नसली तर ते माहितीपत्रक बाजूला ठेव, कॅम्पस कितीही सुंदर असो.

नोकरीबद्दल घरी सगळे परराष्ट्र सेवेचंच बोलत असतील. ती परीक्षा यूपीएससीची, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, आणि डॉक्टर-इंजिनिअर दरवर्षी त्यात निवडले जातात. या अभ्यासाचा तुला सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरला आणि राज्यशास्त्र-आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतलास तर तिथे फायदा होईल. पण जागा मोजक्या असतात, तेवढ्या एका आशेवर पदवी निवडू नये. मी शिकवलेल्यांपैकी जी मुलं स्थिरावली, ती निर्यात कंपन्यांत, शिपिंगमध्ये, संशोधन संस्थांत, पत्रकारितेत, स्थलांतराच्या कायद्याचं काम करणाऱ्या वकिलांकडे आहेत. युरोपात मासळी पाठवणाऱ्या निर्यातदाराला तिथले आरोग्याचे नियम वाचून समजावून सांगणारं माणूस लागतं. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व का जातं, इथल्या जमिनीचं आणि आईवडिलांचं काय होतं, ब्रेक्झिटनंतर इंग्लंडची वाट कशी बदलली, हे प्रश्न घेऊन गोव्यात रोज कोणीतरी कोणाचं तरी दार ठोठावतं, आणि अर्धवट माहितीवर पैसे घालवतं. हे काम प्रामाणिकपणे करणारी माणसं हवी आहेत.

आणि दोन वर्षांनी तुझं मन बदललं तर? अर्थशास्त्र मेजर असेल तर बँक, सांख्यिकी विभाग, एमबीए, बीएड, सगळे रस्ते उघडे राहतात आणि पोर्तुगीज वाया जात नाही. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखव. त्यांची शंका फीबद्दल असेल तर ती ऐकून घे. पैशाचा हिशेब तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतो. परीक्षा संपल्यावर एकदा पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा आणि १९६० चा तो निकाल मिळवून मुळातून वाच. न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, पण सुरुवातीला कागदावरच वाचावा, असं मला वाटतं. अडलं तर कुठे अडलं ते लिहून ठेव आणि विचार, मी उत्तर देईन.